एकही लढाई न लढवलेला जनरल: जॉर्ज मार्शलबद्दल जरा सविस्तर

प्रश्न दोन भागांत आलाय. पहिला असा की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीचा प्रमुख असलेल्या जॉर्ज मार्शलने आयुष्यात कधी रणांगणावर एक पलटणसुद्धा लढवली नाही, मग त्याला पॅटन, आयझेनहॉवर, मॅकआर्थर या त्याच युद्धातल्या नावाजलेल्या कमांडरांच्या पंगतीत आणि काही जण तर त्यांच्याही वर का बसवतात. दुसरा असा की मॅकआर्थरने त्याला मुद्दाम कोपऱ्यात टाकलं होतं हे खरं का. मी पायदळात होतो, नंतर बरीच वर्षं स्टाफवर, म्हणजे हेडक्वार्टर्समध्ये बसून योजना आणि ऑर्डर्स बनवायच्या कामात, काढली आणि शेवटी स्टाफचंच काम शिकवलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा जास्तच बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर मार्शलकडे पत होती. चाळीस वर्षं कण-कण करून कमावलेली पत. समोर राष्ट्राध्यक्ष असो, काँग्रेसची कमिटी असो नाहीतर चर्चिल असो, हा माणूस बोलतोय म्हणजे आकडा खरा आहे आणि यात त्याचा स्वतःचा काही डाव नाही, एवढं सगळ्यांना माहीत असायचं. युद्धकाळात राजधानीत बसलेल्या जनरलकडे यापेक्षा मोठं हत्यार नसतं. तोफा, विमानं, माणसं हे सगळं त्या पतीवर मिळतं.

आता मुळापासून बघू. ३१ डिसेंबर १८८० ला पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनला जन्म. वडील कोळसा-कोकच्या धंद्यातले, आधी बरं चाललेलं, मग जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला. पोरगा अभ्यासात यथातथाच. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटला जायचं ठरलं तेव्हा थोरला भाऊ आईला सांगत होता की याला तिकडे पाठवू नकोस, घराण्याचं नाव घालवेल, आणि हे याने चोरून ऐकलं. म्हातारपणी त्याने स्वतःच सांगितलं की शिक्षकांनी, आईबापांनी जे केलं नसतं ते त्या एका वाक्याने केलं. १८९७ ला गेला, नुकताच टायफॉइडमधून उठलेला. तिथल्या सिनियर पोरांनी रॅगिंग म्हणून उभ्या संगिनीवर उकिडवं बसायला लावलं, अशक्तपणामुळे घसरला आणि चांगलाच जखमी झाला. तक्रार केली नाही. त्यानंतर त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. १९०१ मध्ये बाहेर पडला तेव्हा फर्स्ट कॅप्टन, म्हणजे सगळ्या कॅडेट्समध्ये वरचा.

एक गोष्ट लक्षात घ्या, तो वेस्ट पॉइंटचा, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या मुख्य अकादमीचा, नव्हता. अमेरिकन आर्मीत तेव्हा याला किंमत होती, आपल्याकडे कोण कुठल्या कोर्सचा, कुठल्या रेजिमेंटचा याला असते तशीच.

१९०२ ला सेकंड लेफ्टनंट झाला, लिली कोल्सशी लग्न केलं आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोला मागे ठेवून फिलिपिन्सला निघाला. मिंडोरो बेटावर, जिथे कॉलरा चालू होता. मग ओक्लाहोमा, मग १९०५ च्या उन्हाळ्यात टेक्ससच्या वाळवंटात नकाशे काढायचं काम, मग फोर्ट लेव्हनवर्थ. लेव्हनवर्थच्या लष्करी शाळेत तो पहिला आला. इथून त्याची स्टाफवाला ही ओळख पक्की झाली आणि खरं सांगायचं तर तिथेच तो अडकलाही, कारण जो माणूस कागदावर चांगला चालतो त्याला कुठलाच बॉस सोडत नाही. हे मी आपल्या फौजेतही पाहिलंय. ब्रिगेड मेजर, म्हणजे ब्रिगेडचा स्टाफ अधिकारी, चांगला निघाला की त्याला पलटणीत परत जाऊ देण्याबद्दल सगळे सहानुभूती दाखवतात आणि सही कोणी करत नाही.

१९१४ मध्ये फिलिपिन्सला मोठी एक्सरसाइज झाली, बटांगासला फौज उतरवून मनिलावर चाल करायची. चाल करणाऱ्या बाजूचे जे वरिष्ठ होते ते कामाचे नव्हते, चीफ ऑफ स्टाफ आजारी पडला आणि सगळा डोलारा मार्शल नावाच्या एका फर्स्ट लेफ्टनंटवर आला. त्याने नकाशा समोर ठेवून पूर्ण फोर्सची ऑर्डर तोंडी सांगितली. तिथे असलेल्या दुसऱ्या एका लेफ्टनंटने घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज मी आर्मीचा पुढचा चीफ ऑफ स्टाफ (म्हणजे आर्मीचा प्रमुख) बघितला. हा दुसरा लेफ्टनंट म्हणजे हॅप आर्नोल्ड, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

याची किंमतही मार्शलने मोजली, त्याची तब्येत कामाच्या ताणाने पार कोलमडली आणि सुट्टी काढून जपान, मांचुरिया असा फिरून यावं लागलं. तिथूनही रशिया-जपान युद्धाच्या रणभूमी बघून आला, सुट्टीतसुद्धा! पण त्यानंतर त्याने स्वतःला शिस्त लावून घेतली, रोज घोड्यावर रपेट, आणि शक्यतो संध्याकाळ व्हायच्या आत ऑफिसमधून बाहेर. महायुद्ध चालू असतानाही हे त्याने पाळलं. रात्री दहा-दहापर्यंत दिवे जाळत बसणाऱ्या हेडक्वार्टर्समध्ये नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून हेवाच वाटतो.

१९१६ चा त्याचा एफिशियन्सी रिपोर्ट, म्हणजे आपल्याकडचा एसीआर, वार्षिक गोपनीय अहवाल, फार प्रसिद्ध आहे. त्याचा बॉस जॉन्सन हॅगूड. फॉर्ममध्ये प्रश्न होता की हा अधिकारी तुमच्या हाताखाली असावा असं तुम्हाला वाटतं का. हॅगूडने लिहिलं, हो, पण त्यापेक्षा मला त्याच्या हाताखाली काम करायला आवडेल. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याबद्दल! मी स्वतः एसीआर लिहिलेत, माझेही लिहिले गेलेत, आणि असं वाक्य लिहायला रिपोर्ट लिहिणाऱ्याचं काळीज किती मोठं लागतं ते मला माहितीये. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर तेव्हा कुठे मार्शल कॅप्टन झाला.

मग पहिलं महायुद्ध. १९१७ मध्ये फर्स्ट डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेला, ऑपरेशन्स बघायला. ऑक्टोबरमध्ये जनरल पर्शिंग, म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्या अमेरिकन फौजेचा सर्वेसर्वा, गोंद्रकूरला इन्स्पेक्शनला आला आणि त्याने डिव्हिजनच्या जनरलला सगळ्यांसमोर झापलं. मार्शलला ते पटलं नाही. पर्शिंग निघाला तर याने त्याचा हात धरला आणि धाडधाड सांगायला सुरुवात केली, हेडक्वार्टर्सकडून काय आलं नाही, काय उशिरा आलं, काय अर्धवट आलं. बाजूचे अधिकारी समजले, संपला हा. झालं उलटंच, पर्शिंग नंतर जेव्हा जेव्हा त्या डिव्हिजनला यायचा तेव्हा मार्शलला बाजूला घेऊन विचारायचा की खरी परिस्थिती काय आहे. पर्शिंगचाही मोठेपणा आहे यात, तो विसरू नका, कारण शंभरातले नव्वद जनरल असला हात झटकून टाकतील आणि वर रिपोर्टमध्ये लिहून ठेवतील.

स्टाफचं काम म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने सप्टेंबर १९१८ बघावा. १२ सप्टेंबरला अमेरिकन फर्स्ट आर्मीने सँ-मियेलला हल्ला चढवला. आणि २६ सप्टेंबरला त्याच फर्स्ट आर्मीला साधारण शंभर किलोमीटरवर म्यूज-आर्गॉनमध्ये दुसरा, त्याहून मोठा हल्ला करायचा होता. मधे चौदा दिवस. सुमारे ६ लाख माणसं आघाडीवर आणायची, तिथे आधीपासून असलेली २ लाख २० हजारांच्या आसपास फ्रेंच आणि इटालियन माणसं बाहेर काढायची, वर तोफा, दारूगोळा, हजारो घोडे. रस्ते मोजके. आणि हे सगळं रात्री, दिवे न लावता, कारण जर्मनांना कळलं तर संपलंच. या हालचालीचा आराखडा मुख्यतः मार्शलने बनवला.

ज्यांनी कधी मूव्हमेंट टेबल, म्हणजे फौजेच्या हालचालीचं वेळापत्रक, बनवलं नाही त्यांना हे नुसतं ट्रॅफिक वाटेल. पण बघा, एकाच रस्त्यावर तीन वेगांची गोष्ट चालू असते, पायी चालणारा जवान, घोड्याने ओढलेली तोफ आणि ट्रक. ट्रक एका रात्रीत पोहोचतो, घोडा थकतो, मरतो. एकाच डिव्हिजनची माणसं ट्रकने पुढे आणि त्यांच्या तोफा मागे दोन रात्रींवर, मग मधल्या काळात त्या माणसांचं काय. फ्रेंचांनी दिलेल्या ट्रकवर इंडोचायनातून आणलेले ड्रायव्हर, त्यांना इंग्लिश येत नाही, जवानांना फ्रेंच येत नाही. काही डिव्हिजन्स अजून सँ-मियेलला लढतायत, त्यांना लढाईतून सोडवून आणायचं. एक चौक तुंबला की मागचं सगळं वेळापत्रक कोसळतं. आणि २६ तारखेला सकाळी सगळं जागेवर होतं. पुढची लढाई अमेरिकनांना फार महागात पडली, तो वेगळा विषय, पण ती सुरू होऊ शकली ती या कागदामुळे. या कामानंतर त्याला लोक जादूगार म्हणायला लागले.

बक्षीस काय मिळालं? युद्धात तात्पुरता कर्नल होता, ब्रिगेडियर जनरलसाठी नाव गेलं होतं, तेवढ्यात युद्ध संपलं, बढत्या थांबल्या आणि १९२० मध्ये हा कायमस्वरूपी रँकमध्ये मेजर. पर्शिंगचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, म्हणून १९२४ पर्यंत, मग तीन वर्षं चीनमध्ये तियानजिनला पंधराव्या इन्फन्ट्री रेजिमेंटबरोबर, तिथे बऱ्यापैकी चिनी शिकला. १९२७ मध्ये परतला आणि सप्टेंबरमध्ये लिली गेली, हृदयाचं दुखणं तिला आधीपासून होतं. मूलबाळ नव्हतं. माणूस पार खचला होता. वरिष्ठांनी त्याला जॉर्जियाला फोर्ट बेनिंगच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये असिस्टंट कमांडंट म्हणून पाठवलं, म्हणजे शिक्षणाची सगळी सूत्रं त्याच्या हातात.

मला विचाराल तर मार्शलचं सगळ्यात मोठं काम बेनिंगचं, १९२७ ते १९३२. चीनमध्ये त्याने एक प्रकार बघितला होता, मॅन्युव्हर, म्हणजे मैदानी सराव, चालू असताना एक अधिकारी सत्तर-एक जवानांना बाजूने वळसा घालायला लावायचं एवढं साधं काम असताना लेखी ऑर्डर कशी मांडावी यात अडकून बसला. चौकशी केली तर हा बेनिंगला पहिला आलेला! मार्शलने तिथेच ठरवलं की ती शाळा आपल्या हातात आली तर बदलायची. आणि बदलली. जाडजूड लेखी ऑर्डर्स बंद, थोडक्यात आणि साध्या भाषेत बोला. नकाशा अर्धवट किंवा जुनाच मिळणार कारण युद्धात तसाच मिळतो. माहिती अपुरी, वेळ कमी, तरी निर्णय द्या. वर्गातून उचलून पोरांना मैदानात नेलं. आणि नियम असा की एखाद्याने शाळेच्या उत्तरापेक्षा वेगळं पण विचार करून दिलेलं उत्तर लिहिलं तर ते सगळ्या वर्गापुढे मांडायचं.

हे शेवटचं किती अवघड आहे ते फौजी शाळांमध्ये शिकवलेल्या माणसालाच कळेल. आपल्याकडे डीएस म्हणजे डायरेक्टिंग स्टाफ, आणि डीएस सोल्युशन म्हणजे ब्रह्मवाक्य. विद्यार्थी शत्रूचा विचार नंतर करतो, आधी डीएसच्या डोक्यात काय आहे याचा करतो. मार्शलने हीच सवय मोडायला घेतली. त्याच्याकडे शिकवायला कोण होते? जोसेफ स्टिलवेल, ओमर ब्रॅडली, लॉटन कॉलिन्स. आणि त्या चार-पाच वर्षांत शिकवणारे आणि शिकणारे मिळून दोनेकशे जण पुढे दुसऱ्या महायुद्धात जनरल झाले. यातला स्टिलवेल आपल्याला माहीत असायला हवा, कारण तो नंतर चीन-बर्मा-इंडिया थिएटरला आला, रामगढला चिनी सैन्याला ट्रेनिंग दिलं आणि आसामातल्या लेडोहून निघणारा रस्ता त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला तिथे पाठवणारा मार्शलच.

मार्शलची एक काळी वही होती आणि त्यात तो होतकरू अधिकाऱ्यांची नावं लिहून ठेवायचा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ती वही आजवर कोणाला सापडलेली नाही. मला वाटतं वहीची गरजच नव्हती, डोक्यातच होतं सगळं, आणि डोक्यात असल्यामुळे घोळही व्हायचे. जेम्स व्हॅन फ्लीट १९४४ मध्ये नॉर्मंडीला उतरला तेव्हा अजून कर्नलच होता, त्याचे बरोबरीचे जनरल होऊन बसले होते, आणि कारण असं सांगतात की मार्शलने त्याच्याशी नावसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याच एका दारुड्या अधिकाऱ्याची आठवण याच्या माथी मारली होती. चूक लक्षात आल्यावर माणूस भराभर वर गेला आणि कोरियात आठव्या आर्मीचा कमांडर झाला.

आता १९३८. १४ नोव्हेंबरला व्हाइट हाऊसमध्ये बैठक. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला विमानं हवी होती, दहा हजार विमानं, पण ती चालवणारी, सांभाळणारी माणसं, तळ, दारूगोळा, जमिनीवरची फौज यांचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. सगळे माना डोलवतायत. शेवटी रूझवेल्टने डेप्युटी चीफ ऑफ स्टाफला, म्हणजे मार्शलला, विचारलं, काय जॉर्ज, तुलाही असंच वाटतं ना? मार्शलने सांगितलं, माफ करा, मला अजिबात तसं वाटत नाही. बाहेर पडताना लोकांनी त्याचा निरोपच घेतला म्हणे, वॉशिंग्टनमधले तुझे दिवस भरले अशा सुरात. पाच महिन्यांनी, एप्रिल १९३९ मध्ये, रूझवेल्टने त्यालाच चीफ ऑफ स्टाफ म्हणून निवडलं, ज्येष्ठतेत वर असलेल्या अनेकांना डावलून. दुसरा तगडा उमेदवार ह्यू ड्रम उघड मोर्चेबांधणी करत होता, मार्शलने आपल्या हितचिंतकांना सांगून ठेवलं होतं की गप्प बसा. शपथ घेतली ती तारीख १ सप्टेंबर १९३९, त्याच दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला.

रूझवेल्टने त्या बैठकीत पहिल्या नावाने हाक मारली हे मार्शलला खटकलं होतं. नंतर त्याने ती जवळीक कधी होऊच दिली नाही, रूझवेल्टच्या विनोदांवर हसायचं नाही हेसुद्धा ठरवून पाळायचा, आणि राष्ट्राध्यक्षाच्या हाइड पार्कच्या घरी पहिल्यांदा गेला तो थेट त्याच्या अंत्यविधीला. कोणाला हा शिष्टपणा वाटेल. पण रूझवेल्ट माणसाला गोड बोलून खिशात टाकण्यात पटाईत होता, आणि एकदा खिशात गेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

तेव्हा अमेरिकेची आर्मी दोन लाखांच्याही आत होती. १९४५ मध्ये ती ऐंशी लाखांच्या वर गेली. मधे काय झालं ते सगळं सांगत बसलो तर रात्र होईल, दोन-तीन गोष्टी सांगतो. एक, पैसा आणि कायदा. १९४० मध्ये सक्तीची भरती सुरू झाली ती एका वर्षासाठी. १९४१ मध्ये मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा जवान आणि त्यांचे आईबाप चिडलेले, खासदारांना मतदारांची भीती. मार्शल कमिटीपुढे जाऊन बसायचा, एकेकट्या खासदाराला भेटायचा. १२ ऑगस्टला मतदान झालं, २०३ विरुद्ध २०२. एका मताने आर्मी वाचली, आणि पुढे चार महिन्यांत पर्ल हार्बर. राष्ट्राध्यक्षाच्या कट्टर विरोधकांनी मार्शलच्या शब्दावर मत दिलं. मी पत म्हणालो ती ही.

दुसरी गोष्ट, माणसं काढणं. निवडण्याबद्दल सगळे बोलतात, काढण्याबद्दल कोणी नाही. मार्शलने आपल्या आधीच्या चीफला, मेलिन क्रेगला, निवृत्तीतून बोलावून एक बोर्ड बसवलं आणि शेकडो वयस्कर अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. त्यात त्याचे जुने मित्रही होते, त्यांच्या बायका त्याच्या बायकोच्या मैत्रिणी (१९३० मध्ये त्याने कॅथरीन ब्राउन या तीन मुलांच्या विधवेशी दुसरं लग्न केलं होतं). मैत्री तुटल्या. त्याने स्वतः राष्ट्राध्यक्षाला सांगून ठेवलं होतं की मीही साठीला आलोय, तरुण माणूस हवा असेल तर मी बाजूला होतो.

तिसरी, आयझेनहॉवर. पर्ल हार्बरनंतर आठवड्याभरात त्याला बोलावून घेतलं, फिलिपिन्सची परिस्थिती सांगितली आणि विचारलं, काय करावं? आयझेनहॉवरने काही तास मागितले. मार्शलला अशीच माणसं हवी होती, प्रश्न घेऊन येणारी नकोत, उत्तर काढून नंतर कळवणारी हवीत. पुढे एकदा मार्शल त्याला म्हणाला की गेल्या युद्धात बढत्या स्टाफवाल्यांनी लाटल्या, या वेळी त्या लढणाऱ्या कमांडरांना मिळणार, तू इथेच खुर्चीवर राहणार. आयझेनहॉवर भडकला, म्हणाला मला तुमच्या बढतीशी काडीचं देणंघेणं नाही, आणि ताडताड दाराकडे निघाला. थोड्याच दिवसांत त्याला मेजर जनरल केलं.

आणि मग नॉर्मंडी. युरोपवरच्या चढाईचा कमांडर मार्शल होणार हे जवळपास सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. बायकोने तर फोर्ट मायरच्या सरकारी घरातलं सामान गुपचूप लीसबर्गच्या आपल्या घरी हलवायलाही घेतलं होतं. डिसेंबर १९४३ मध्ये कैरोला रूझवेल्टने विचारलं, तुला काय हवंय? हो म्हटलं असतं तर मिळालं असतं. मार्शल म्हणाला, तुम्ही ठरवा, मी मनापासून मान्य करीन. मग रूझवेल्ट म्हणाला की तू वॉशिंग्टनच्या बाहेर असलास तर मला झोप लागणार नाही. झालं, कमांड आयझेनहॉवरला गेली. स्टालिनला कळवायचा तो संदेश मार्शलनेच आपल्या हाताने लिहून काढला होता, रूझवेल्टने त्यावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मार्शलने तो हस्तलिखित कागद आयझेनहॉवरला आठवण म्हणून पाठवून दिला. सोबत चार ओळी लिहून. मी हे कितीही वेळा वाचलं तरी मला जमलं असतं असं वाटत नाही.

तुमच्या प्रश्नातला 'रणांगणावर नाही लढला' हा भाग इथून येतो. लढवायची संधी हातात आली होती, मागितली नाही.

याच माणसाने १९५२ ची निवडणूक बघितली. सिनेटर मॅकार्थीने १९५१ मध्ये भर सिनेटमध्ये मार्शलवर देशद्रोहाच्या कटाचे आरोप केले होते. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, विस्कॉन्सिनच्या भाषणात मार्शलच्या बाजूने एक परिच्छेद होता, मॅकार्थी त्याच राज्याचा म्हणून सल्लागारांनी तो गाळायला लावला आणि त्याने गाळला. मला आयझेनहॉवर आवडतो, पण हे त्याला माफ नाही.

आता तो देव नव्हता, तेही सांगायला हवं. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी तो नेहमीसारखा रपेटीला गेला होता, ऑफिसला पोहोचून जपानी संदेशाचा अर्थ लागला तेव्हा हवाईला इशारा पाठवला, पण आर्मीचा रेडिओ चालत नव्हता म्हणून तो व्यापारी तारेने गेला आणि हल्ला होऊन गेल्यावर पोहोचला. त्याआधीच्या आठवड्यातही हवाईच्या कमांडरने काय तयारी केलीये याची नीट शहानिशा त्याच्या ऑफिसने केली नव्हती, चौकशीत यावर ताशेरे आलेच. ट्युनिशियातल्या कासेरीन खिंडीत १९४३ मध्ये ज्याच्या हाताखाली अमेरिकनांनी मार खाल्ला तो लॉइड फ्रेडेंडॉल मार्शलचीच आवड होती. आणि काळ्या सैनिकांना वेगळ्या युनिट्समध्ये ठेवण्याची पद्धत त्याने चालू ठेवली, युद्ध चालू असताना आर्मीने सामाजिक प्रश्न सोडवत बसू नये असं त्याचं म्हणणं. त्या काळात हे म्हणणारा तो एकटा नव्हता, पण ज्याच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन होतं त्याने ते वजन इथे वापरलं नाही, हे खरंच आहे.

मृतांचे आकडे तो रूझवेल्टसमोर सतत ठेवायचा, रंगीत आलेख काढून, नजर चुकवता येऊ नये म्हणून. मे १९४४ मध्ये त्या आकड्यांत त्याचा सावत्र मुलगा अ‍ॅलन आला, इटलीत, रणगाड्यावर असताना गोळी लागून.

युद्धानंतरचं मी पळत सांगतो कारण तो राजकारणाचा भाग आणि माझा पिंड नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये निवृत्त झाला, घरी पोहोचला नाही तोच नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा फोन, चीनला जा. च्यांग कै-शेकचं सरकार आणि माओचे कम्युनिस्ट यांच्यामध्ये तडजोड घडवायची होती, वर्षभर खपला, सुरुवातीला युद्धविराम झालाही, पण शेवटी हात हलवत परत आला. १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री. ५ जूनला हार्वर्डमध्ये छोटंसं भाषण, त्यातून मार्शल प्लॅन, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करायची मदत योजना, चार वर्षांत १६ देशांना सुमारे १३ अब्ज डॉलर. कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती, परराष्ट्र खात्यातला जॉर्ज केनन वगैरे बरेच जण होते, पण समोर निवडणूक आणि काँग्रेस विरोधकांच्या हातात, ट्रुमनने हिशेब केला की माझ्या नावाने गेलं तर मरेल, मार्शलच्या नावाने गेलं तर पास होईल. १९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला. पुन्हा पतच. १९५३ चा शांततेचा नोबेल याच्यासाठी. इस्रायलला लगेच मान्यता द्यायच्या मात्र तो विरोधात होता, ट्रुमनला तोंडावर सांगितलं की असं केलंत तर मी मतदान केलं तर ते तुमच्या विरोधात करीन. ट्रुमनने मान्यता दिली. मार्शलने जाहीरपणे चकार शब्द काढला नाही, राजीनामाही नाही.

आत्मचरित्रासाठी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या होत्या प्रकाशकांनी, त्याने लिहिलं नाही. १६ ऑक्टोबर १९५९ ला गेला, मोठा सरकारी सोहळा नको असं सांगून ठेवलं होतं.

आता दुसरा प्रश्न, मॅकआर्थर. १९३३ मध्ये मॅकआर्थर चीफ ऑफ स्टाफ होता आणि मार्शलची बदली रेजिमेंटवरून शिकागोला नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ फौजेचा, सल्लागार म्हणून झाली. मार्शलने लेखी विनंती केली की मला ट्रूप्सबरोबरच राहू द्या, मॅकआर्थरने नाही म्हटलं. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मीच्या पोस्टिंगला जी चेहऱ्यावर छटा येते तीच. यावरून दाबून ठेवल्याची गोष्ट तयार झाली. पण मॅकआर्थरचं म्हणणं होतं की तिथल्या गार्डला चांगला माणूस हवा होता, आणि मंदीच्या त्या काळात शिकागोत दंगे व्हायची भीती खरोखरच होती. बढत्या तर ज्येष्ठतेने होत होत्या, त्यात मार्शलसारखे पन्नाशीतले कर्नल ढिगाने अडकलेले. फक्त इथे एकदा मार्शलने स्वतःसाठी शब्द टाकलेला दिसतो, पर्शिंगला पत्रं लिहिली, पर्शिंग रूझवेल्टशी बोलला, १९३५ मध्ये रूझवेल्टने युद्धमंत्र्याला चिठ्ठी पाठवली, आणि तरीही लगेच काही झालं नाही. ब्रिगेडियर जनरल झाला ऑक्टोबर १९३६ ला, मॅकआर्थर खुर्चीवरून गेल्यावर वर्षभराने. त्यामुळे थोडी आकसाची शंका राहते, पुरावा म्हणावा असं काही नाही.

मार्शलने मात्र आकस धरलेला दिसत नाही. १९४२ मध्ये मॅकआर्थरला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळावं म्हणून त्यानेच जोर लावला, प्रशस्तिपत्राचा मजकूरही त्यानेच लिहिला. डिसेंबर १९४३ मध्ये कैरोच्या परिषदेनंतर मुद्दाम लांबचा वळसा घालून न्यू गिनीजवळच्या गुडइनफ बेटावर त्याला भेटायला गेला. एप्रिल १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धात ट्रुमनला मॅकआर्थरला काढायचं होतं तेव्हा मार्शल संरक्षणमंत्री होता, नुकताच सैन्यातून आलेला माणूस त्या खात्याचा मंत्री होऊ शकत नाही असा कायदा असताना काँग्रेसने खास सवलत देऊन त्याला बसवलं होतं. त्याने आधी सांगितलं, घाई करू नका, संरक्षण खर्चाची बिलं अडकतील. ट्रुमन म्हणाला फाइल वाचून या. ट्रुमनच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या सकाळी मार्शल येऊन म्हणाला की याला दोन वर्षांपूर्वीच काढायला हवं होतं. मे महिन्यात सिनेटच्या चौकशीत बरेच दिवस त्याची साक्ष चालली. सुरुवातीलाच त्याने सांगितलं की एका बंधू अधिकाऱ्याच्या विरोधात, ज्याच्या लष्करी कर्तबगारीबद्दल मला फार आदर आहे, असं इथे येऊन बोलावं लागणं मला क्लेशाचं आहे. आणि मग मुद्द्यावर आला, की एका आघाडीवरच्या कमांडरला सरकारचं धोरण पटत नसेल तर तो ते वरच्यांना सांगू शकतो, पण आपला विरोध उघडपणे जाहीर करायला लागला तर त्याला त्या जागेवर ठेवता येत नाही.